तुझ्या ताटातली चतकोर भाकरी

सोलापूर, मंगळवार

प्रिय दिपक,

सप्रेम जय भीम. पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे बरे आहेत. तू फोन उचलत नाहीस असं माझं म्हणणं नाही. उचलतोस की. पण 'आई, मीटिंगमध्ये आहे, दोन मिनिटांत करतो' म्हणतोस आणि तुझी दोन मिनिटं परवावर जातात. शिवाय आपल्या दोन खोल्यांत फोनवर बोलायचं म्हणजे बाबांच्या कानात बोलायचं. ते खुर्ची दारात टाकून बसतात आणि कान अजून तिखट आहेत. म्हणून लिहायला बसले. दोघं भावंडं शाळेत जायला लागलात तेव्हा तुमच्याच पुस्तकांवरून मी अक्षरं गिरवली, तेव्हा काना-मात्रा चुकला तर तुझाच मास्तर चुकला असं समज. हे पाकीट सुंदरम्माच्या हाती देते आहे. ती गुरुवारी चिंचोळीला तुझ्या ऑफिसात येणार आहे. तुमच्या इन्व्हेस्टर मंडळातली बाई म्हणून तू तिला मॅडम म्हणत असशील, पण ती भवानी पेठेतली आहे, आणि तिच्या वडिलांच्या कारखान्यात बाबांनी गिरणी बंद पडल्यावर जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचं, काम केलंय, हे तू बहुतेक विसरलास. तिनं पाकीट उघडलेलं नसेल. पण आत काय असेल याचा अंदाज तिला आहे.

आधी इकडची खबर सांगते. आपली संघप्रिया शिकवते त्या जेऊरच्या शाळेत परीक्षा चालू आहेत, तिला श्वास घ्यायला फुरसत नाही. जावईबापूंचा गुडघा बरा आहे. मी शेंगाची चटणी कुटून ठेवली आहे, लसूण जास्त घातलाय, तुला तशी आवडते. कडक भाकऱ्यांची चळतही बांधून ठेवली आहे, महिनाभर काही होत नाही त्यांना. तुझ्या त्या डबीबद्दल मी गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. मागाला डबी चिकटवायची, मागाचा आवाज बिघडला की मालकाच्या मोबाइलवर निरोप जातो, माग बंद पडायच्या आत. समोरची म्हातारी म्हणाली, अशी एक डबी आमच्या मालकांना लावा, त्यांचा आवाज रोज बिघडतो. मी हसले, पण छाती फुगली होती. ते तुला कळलं पाहिजे, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून तुला वाटेल की आईला माझं कौतुकच नाही.

आता त्या दिवसाचं. सात रस्त्याच्या हॉटेलात तुमच्या मंडळाचा कार्यक्रम होता आणि तू आम्हांला मोठ्या हौसेनं बोलावलंस. गाडी पाठवलीस. बाबांनी पांढरा शर्ट दोनदा इस्त्री केला, पहिल्या इस्त्रीत कॉलर त्यांच्या मनासारखी बसली नव्हती. तिथं चहाच्या वेळी तुझा पार्टनर अजिंक्य माझ्याजवळ येऊन बसला. गोड पोरगं आहे. मी विचारलं, आता काय होणार रे इथं? तर म्हणाला, काकू, आधी सगळे आपापलं बॅकग्राउंड सांगणार. कोण कुठून आलं, काय काम करत होतं, काय सोसलं. धंद्याचं नंतर. आमच्या मंडळाची तशी रीतच आहे. पुण्याहून एक सर शिकवायला येतात, ते म्हणतात पहिल्या दोन मिनिटांत हॉलमधला एक तरी माणूस रडला पाहिजे. मला ते ऐकून गंमत वाटली. मयताला जाऊन आल्यावर बायका सांगतात ना, कोण किती रडलं, तसं झालं की हे.

आणि मग सुरूच झालं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मी सायकलवर कॉलेजला जायचो. बाबा माझ्या कानाशी पुटपुटले, त्या टायमाला सोलापुरात कलेक्टर सोडून सगळेच सायकलवर जात हुते. मी पदर तोंडाला लावला. सुताच्या व्यापाऱ्यांनी सांगितलं, ते गोदामात पोत्यांवर झोपायचे. बँकेतून रिटायर झालेले साहेब म्हणाले, मी एकाच चपलेवर नोकरीची चार वर्षं काढली. एक जण दुःखाची बोली लावायचा, दुसरा वर चढवायचा. वाईट माणसं नव्हती ती. ज्यानं त्यानं कष्ट केले असतीलच. पण सांगता सांगता प्रत्येकाचं घर जरा जास्त गळायला लागलं होतं. एकटी सुंदरम्मा उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या आईनं विड्या वळल्या, वडिलांनी चार मागांवर सुरुवात केली, आता माझे साठ आहेत, टॉवेल बाहेरदेशी जातात. आमच्या घरी रडण्यासारखं काय न्हवतं, सॉरी. आणि बसली. लोक हसले. बाबांना ती लई आवडली.

मग तुझा नंबर आला. तू कोट घातला होतास, माझ्या डोळ्यांत तेव्हाच पाणी होतं, पुढचं ऐकायच्या आधीच. तू म्हणालास, माझे वडील अंगठेबहाद्दर गिरणी कामगार. त्यांना सही येत नव्हती. गिरणी बंद पडली आणि आमच्या घरात दोन-दोन दिवस चूल पेटली नाही. मी उपाशी पोटी रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केला. मग तू जरा थांबलास आणि म्हणालास, भूक ही माझी पहिली इन्व्हेस्टर. हॉल उठून उभा राहिला, दिपक. शेजारची बाई डोळे पुसत होती. तू आमच्याकडे हात केलास, सगळ्या माना आमच्याकडे वळल्या, आणि सगळे टाळ्या वाजवतात म्हणून मीही वाजवल्या. तुझे बाबा मांडीवर हात ठेवून बसून होते. नंतर जेवणाच्या वेळी एका भल्या माणसानं स्वतःच्या हातानं त्यांच्या ताटात बासुंदी वाढली, वर पुऱ्या ठेवल्या आणि म्हणाला, घ्या काका, पोटभर घ्या. यांना साखर चालत नाही हे तुला ठाऊक आहे. तरी त्यांनी ते सगळं खाल्लं. वाटी निपटून खाल्ली. त्या माणसाचं मन मोडू नये म्हणून, असं मला तेव्हा वाटलं.

घरी आल्यावर मी वाट बघत होते की आता चिडतील. निदान त्या सहीवरून तरी. सातवी पास माणूस, रोज सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या टेंडरच्या जाहिरातीपर्यंत वाचणारा. गिरणीत असताना निम्म्या खात्यातल्या कामगारांचे रजेचे अर्ज यांनी लिहिलेले. तुझा कॉलेजचा पहिला फॉर्म कुणी भरला होता? पण कुठलं काय. शर्ट खुंटीला लावला आणि झोपले. मला वाटलं, गिळलं माणसानं. पोरासाठी बाप काय काय गिळतो, त्यात हे एक.

मग चार-सहा दिवसांनी मी भाकऱ्या थापत होते आणि ते पाटावर बसले होते. एकदम म्हणाले, नागू, दिपक कवा उपाशी झोपला गं? मी हसले. म्हणलं, कधी झोपेल तुमचा पोरगा उपाशी? तर म्हणाले, हसू नगं, आठवून सांग. गिरणी बंद झाली त्या साली, का तितनं पुढं? मी वळून बघितलं. बाळा, त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. दुकानातून पिशवी घरी आणल्यावर एखादी वस्तू कमी निघावी आणि माणूस वाट आठवत बसावा, कुठं सांडली, तसं तोंड झालं होतं. मी म्हणलं, अहो, तिथं तसंच बोलायचं असतं. सगळेच बोलत होते. चढवून सांगितलं त्यानं. तर म्हणाले, एवढ्या लोकांपुढं माझा पोरगा खोटं बोलंल? त्याला मी तसं शिकवलंय का? मी सहीचं काढलं. म्हणलं, मग तुम्हाला सही येत नाही हे खरं का? ते म्हणाले, ते लहानपणी त्यानं कधी बघितलं नसंल. ते सोड. भुकेचं माणूस खोटं बोलत न्हाय.

तेव्हा मला उमगलं की यांच्यापुढं दोनच वाटा आहेत. एक तर पोरगा खोटारडा, नाही तर बाप आंधळा. आणि त्यांनी दुसरी धरली आहे.

आता जे तुला कधीही सांगायचं नाही असं मी त्यांना कबूल केलं होतं, ते सांगते. गिरणी बंद झाल्यावर सुंदरम्माच्या वडिलांकडे काम लागेपर्यंत मधे बरेच महिने गेले. मी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जात होते आणि हे मिळेल ते काम करत होते. ज्वारी कमी पडायची. पण कमी पडायची ती आम्हां दोघांना. तुम्हा दोघांना आधी वाढायचं आणि म्हणायचं, आम्ही मागाहून बसतो. तुम्ही बाहेरच्या खोलीत अंथरुणावर गेलात की आम्ही आत ताटं घेऊन बसायचो. रिकामी. हे ताटावर बोट घासायचे, वाटी सरकवायचे, मी तांब्या खाली ठेवायचे जरा जोरात. कडक भाकरी मोडल्याचा आवाज काही काढता येईना, म्हणून हे मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, आज मऊच भाकरी वाढ गं, दात दुखतोय. आणि शेवटी एक दणदणीत ढेकर. एकदा तो ढेकर इतका मोठा झाला की मला हसू आवरेना, आणि यांनाही. रिकाम्या ताटांपुढं बसून आम्ही दोघं तोंड दाबून हसत होतो. हाल होते, नाही म्हणत नाही. पण मला ते दिवस आठवले की तो ढेकरच आधी आठवतो.

त्या माणसानं आयुष्यात काय कमावलं असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी गिरणीतली चांगली नोकरी सांगितली नसती, तुझं इंजिनिअर होणंही सांगितलं नसतं. पोरांना कळलं नाही, एवढंच सांगितलं असतं. तेही सांगितलं नसतं म्हणा, कारण सांगितलं तर कळलंच की. आणि तू स्टेजवर उभा राहून नेमकं तेच एक उचलून नेलंस. तुला ठाऊक नव्हतं, म्हणून मी तुला दोष देत नाही. पण सांगायचंच होतं तर आपल्याकडे दुसरं नव्हतं का रे? शाळेच्या सुट्टीच्या दिवशी बाबा तुला कारखान्यात न्यायचे, मागांच्या मधे उभं करायचे आणि म्हणायचे, डोळं मिट, ऐक, कुठला माग रडतोय ते वळख. तू बोट दाखवायचास. बरोबर निघालं तर खांद्यावर बसवून घरी आणायचे. तुझी ती डबी दुसरं काय करते? पण त्यात रडणारं कुणी नाही, फक्त माग रडतो. तुमच्या सरांना तो चालला नसता.

मी त्यांना समजवायला काय नाही केलं. संघप्रियाला फोन लावून दिला. ती म्हणाली, बाबा, मी तर कधीच उपाशी झोपले नाही. तर म्हणाले, तू पोरगी हायेस, तू सांगणार न्हाईस. मग मी माझ्या मते पक्का पुरावा काढला. म्हणलं, अहो, दिपक रोज ताटात चतकोर भाकरी टाकून उठायचा. आठवतंय? पोटावर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, टम्म झालं. तुम्ही त्याला रागवायचात आणि तो तुकडा स्वतः खायचात. किती तरी दिवस तेवढंच तुमचं जेवण होतं. उपाशी पोरगं ताटात भाकरी टाकतं का? मला वाटलं, जिंकले. त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, नागू, त्यो तुकडा माझ्यासाठी ठेवत असंल तर?

तुला पाहिजे तेव्हा वाढायला मी होते, पण तू का उठलास हे मला कुठं दिसणार होतं. त्या दिवसापासून ते स्वतःच्या ताटात चतकोर भाकरी बाजूला ठेवतात. मी म्हणलं, खा की, तर म्हणतात, असू दे. वजन उतरलंय. पेपर उघडतात आणि एकाच पानावर बसतात. आणि मीसुद्धा आता कधी कधी विचार करते, तू बाहेरच्या खोलीत जागा होतास का? ती ताटं रिकामी वाजतात हे तुला, पुढं मागाचा आवाज ओळखायला शिकलेल्या पोराला, कळलं होतं का? ती भूक तू आमचीच ऐकली होतीस का, आणि मोठेपणी ती तुझीच वाटायला लागली? खरं काय ते मला नको सांगूस. माझं वय झालं, मला सगळं कळलंच पाहिजे असं नाही.

परवा सुंदरम्मा घरी आली होती, रविवारच्या तुझ्या शेडच्या कार्यक्रमाची पत्रिका घेऊन, त्यात बोलणाऱ्यांत बाबांचंही नाव आहे. बाबा न्हाव्याकडे गेले होते. बसल्या बसल्या म्हणाली, अक्का, कॉलेजात असताना आमच्या कारखान्याचे पगार मी वाटायचे. जॉबरभाऊंची सही मी दर आठवड्याला बघितलीय, आमच्या अप्पांपेक्षा वळणदार. मी पत्रिका फळीवर ठेवली. ती म्हणाली, मी कुठं बोलणार नाही. दिपकचं यंत्र माझ्या बारा मागांवर बसवलंय, ते चांगलं चालतंय, मी त्या यंत्राला बघून पैसे घालते आहे, रडण्याला बघून नाही. पण रविवारी जॉबरभाऊ स्टेजवर चढून काय तरी भलतं बोलणार असतील तर मी समोरच्या रांगेत बसणार नाही, मागं बसेन. मी म्हणलं, का गं? तर म्हणाली, त्यांच्या डोळ्याला डोळा नको. तिला वाटलं, ते तुझी बाजू राखायला खोटं बोलतील. तसं असतं तर मी हे पत्रच लिहिलं नसतं. मुलासाठी बाप एक खोटं बोलला असता तर मी पदरात झाकून टाकलं असतं.

रविवारी चिंचोळीला तुझ्या नव्या शेडचं उद्घाटन आहे, बाबांना शाल-श्रीफळ देणार आहेत आणि अजिंक्यनं त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलंय. ते हो म्हणाले आहेत. आयुष्यात कधी माइकपुढं उभा न राहिलेला माणूस, लगेच हो म्हणाला. शर्ट इस्त्रीला दिला आहे. मी विचारलं, काय बोलणार? तर म्हणाले, जास्त काय न्हाय. सगळ्यांम्होरं दिपकची माफी मागायची हाय. लेकरू माझ्या घरात उपाशी ऱ्हायलं आणि बापाला कळलं न्हाय, वर त्याच्या ताटातलं मीच खाल्लं. एवढं बोलून खाली बसणार. मी हात जोडले, ऐकत नाहीत. हॉल रडेल बाळा, तुमचे सर खूश होतील आणि लोक म्हणतील काय बाप आहे. पण तो माणूस घरी येऊन पुन्हा कधी पोटभर जेवणार नाही. तेव्हा तू शनिवारी ये. एकटा ये, अजिंक्यला नको, गाडीतून कुणाला फोन करत येऊ नकोस. त्यांच्या ताटाला ताट लावून बस. मी कडक भाकरी आणि चटणी वाढेन. सहीबद्दल बोलू नकोस, स्टेजचं काढू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस, त्यानं त्यांना अजून वाईट वाटेल. जेवण होत आलं की चतकोर ताटात ठेव, पोटावर टिचकी मार आणि लहानपणी म्हणायचास तसं म्हण, बाबा, तेव्हा रोज टम्म व्हायचं. ते तुझ्या तोंडाकडे बघतील. खरं असो नसो, तू नजर खाली घालू नकोस. मग ते तुझ्या ताटातला तुकडा उचलतील, आणि ते उचलतात की नाही हे बघायला मी चुलीपाशी उभी असेन.

तुझीच,
आई